बावन्न बोऱ्या

रीना खोब्रागडे त्या सकाळी साडेनऊला शेडच्या दारात उभी होती आणि चार शिपाई तिच्या यंत्रामागं रेतीच्या बोऱ्या रचत होते. तिनं ते पाहिलं होतं. पुढं जे झालं त्याची सुरुवात तिथूनच झाली, आणि आजही कोणी विचारलं तर ती तिथूनच सांगते.

शेड रायपूरहून अभनपूरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या पोलीस नाक्याला लागून होती. पलीकडं नव्या राजधानीचं बांधकाम चाललं होतं. रुंद रिकामे रस्ते, अर्धवट उभ्या इमारती आणि मधे मधे कापणीला आलेलं धान. इमारतींना गिट्टी, म्हणजे दगडाची खडी, लागते, गिट्टीसाठी खदानी लागतात आणि खदानीत दगड फोडायला बारूद लागते. त्या वर्षी दोन खदानींतून बारूद चोरीला गेली होती आणि तिचा पत्ता लागला नव्हता. म्हणून एका संस्थेनं आपलं नवं यंत्र सहा महिन्यांच्या चाचणीसाठी या नाक्यावर आणून ठेवलं होतं.

यंत्राचं काम असं, की बंद पेटी न उघडता तिच्यात काय आहे ते सांगायचं. न्यूट्रॉन नावाचे कण त्यातून सुटत. लोखंडी पत्रा त्यांना अडवू शकत नाही. आत जाऊन ते ज्या अणूला धडकतात तो अणू क्षणभर खवळतो आणि शांत होताना एक किरण बाहेर टाकतो. नायट्रोजनचा किरण वेगळा, ऑक्सिजनचा वेगळा, हायड्रोजनचा वेगळा. ते किरण मोजले की आतल्या मालात कोणतं मूलद्रव्य किती, ते कळतं. नायट्रोजन भरपूर, ऑक्सिजन भरपूर आणि हायड्रोजन कमी, असा मेळ जमला तर तो माल बहुतेक वेळा बारूद असतो.

पण किरण फक्त मालातून येत नाहीत. जमिनीतून येतात, भिंतीतून येतात, आजूबाजूला जे असेल त्या सगळ्यातून येतात. म्हणून रोज सकाळी यंत्रासमोर काहीही न ठेवता चाळीस मिनिटं मोजणी करावी लागे. तिला ते रिकामी नोंद म्हणत. दिवसभराच्या प्रत्येक मोजणीतून ही रिकामी नोंद वजा करायची, मग उरेल ते मालाचं.

त्या दिवशीची रिकामी नोंद रीनानं साडेआठलाच घेतली होती. बोऱ्या त्यानंतर आल्या. दुसऱ्या दिवशी राज्याचा स्थापना दिन होता, त्यानिमित्त भरणाऱ्या मेळ्याचं उद्घाटन होतं, मोठे लोक या रस्त्यानं जाणार होते. वरून हुकूम आला होता की नाक्यावर रेतीचा आडोसा करा. रेती म्हणजे अर्धीअधिक ऑक्सिजनच. आता नोंद परत घ्यायला पाहिजे, हे रीनाला माहीत होतं. पण रस्त्यावर तीन गाड्या खोळंबल्या होत्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते आणि नाक्याचे इन्स्पेक्टर दोनदा घड्याळ दाखवून गेले होते. दुपारी जेवायच्या सुट्टीत घेऊ, असं तिनं मनाशी ठरवलं आणि पहिली गाडी आत घेतली.

रीना तेहतीस वर्षांची होती. वडील हरिदास मूळचे भंडाऱ्याकडचे, रायपूरच्या रेल्वे कारखान्यात वॅगन फिटर म्हणून निवृत्त झाले होते. आई मीराबाई. घर समता कॉलनीत. नागपूरला राहून रीनानं भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं होतं आणि या यंत्रावर ती दोन वर्षं काम करत होती. तिच्यावरचे नरहर पिंपळापुरे सर अठ्ठावन्न वर्षांचे होते. त्यांनी या कामामागं अकरा वर्षं घातली होती. यंत्र नागपुरात होतं तेव्हा त्यांनी यंत्राच्या खोलीत खाट टाकून दिवस काढले होते, आणि इतक्या वर्षांत यंत्रानं खऱ्या रस्त्यावर खरी बारूद एकदाही पकडली नव्हती.

तिसरी गाडी छोटा टेम्पो होता. ड्रायव्हरचं नाव मारोती हेडाऊ, वय चाळिशीचं, अभनपूरचा. टेम्पोत एकच मोठी लोखंडी पेटी होती, मोठं कुलूप घातलेली. चांप्याच्या एका शेठजींचा कोसा रेशमाचा माल आहे, मेळ्यातल्या दुकानात पोचवायचा आहे, किल्ली शेठजींपाशी आहे आणि ते दुपारच्या गाडीनं येणार आहेत, असं मारोतीनं सांगितलं. इन्स्पेक्टरांनी शेठजींचा नंबर लावला. फोन बंद होता.

किरण लागू नयेत म्हणून सगळ्यांना आखलेल्या रेषेमागं उभं करून रीनानं यंत्र सुरू केलं. वीस मिनिटांनी पडद्यावर आकडे आले. नायट्रोजन भरपूर होता. ऑक्सिजन भरपूर होता. यंत्रानं लाल खूण दाखवली.

पडद्याशेजारी बसलेले पिंपळापुरे सर खुर्चीतून उठले. त्यांनी आकडे वाचले, पुन्हा वाचले, आणि त्यांचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट बसला. आवाज न चढवता त्यांनी इन्स्पेक्टरांना बोलावून घेतलं. पाच मिनिटांत रस्त्यावरच्या बाकीच्या गाड्या हटवल्या. मारोतीचे हात बांधून त्याला शेडच्या मागच्या खोलीत नेलं. फोन झाले. रायपूरहून बॉम्ब पथकाची गाडी निघाली. असं ठरलं की पेटी कोणी उघडायची नाही, पथकानं ती उचलून चार किलोमीटरवरच्या ओसाड खदानीत न्यायची आणि चार वाजता तिथंच उडवून द्यायची.

रीना पडद्यासमोर बसून होती. लाल खूण नायट्रोजन आणि ऑक्सिजन पाहूनच लागे, पण हायड्रोजनचा आकडा तिला खटकत होता. बारूद असती तर तो एवढा नसता. तिनं सरांना तसं सांगितलं. सर म्हणाले की टेम्पोला लाकडी फळ्या आहेत, लाकडात हायड्रोजन असतो, तो तिथून आला असेल. म्हणणं चुकीचं नव्हतं. लाकडातून येतोच.

मागच्या खोलीत प्रश्न विचारणं चालू होतं. बारूद कोणाची, कुठून भरली, कोणाला द्यायची. मग एक थप्पड ऐकू आली, थोड्या वेळानं दुसरी. मारोती हळू आवाजात तेच ते सांगत होता, चांपा, शेठ, कोसा.

रीना उठली, दारापर्यंत गेली, परत आली. कोणी चहा आणून दिला होता, तो तिनं दोनदा उचलला आणि दोनदा तसाच ठेवला. तिला एका जागी बसवेना. शेवटी तिनं सकाळच्या पहिल्या दोन गाड्यांची मोजणी काढून पाहिली. पहिल्या गाडीत सिमेंट होतं, त्यात ऑक्सिजन असतोच, म्हणून ते सोडून दिलं. दुसरी गाडी माल उतरवून परत चाललेला रिकामा ट्रक होता. रिकाम्या ट्रकमध्ये काहीच निघायला नको होतं. तिथंही ऑक्सिजन निघाला होता, आणि चांगला निघाला होता. नायट्रोजन नव्हता म्हणून यंत्र गप्प राहिलं, एवढंच.

बोऱ्या रचून झाल्यापासून यंत्र बोऱ्यांमधला ऑक्सिजन प्रत्येक गाडीच्या नावावर टाकत होतं.

तिनं कागद घेतला आणि रिकाम्या ट्रकची मोजणी पेटीच्या मोजणीतून वजा करून पाहिली. ऑक्सिजन खाली आला. पण ट्रक मोठा, टेम्पो लहान, दोन्हींचं लोखंड वेगळं, लाकूड वेगळं. उरलेल्या आकड्याचा काही भरवसा नव्हता. बारूद आहे असंही त्यावरून म्हणता येत होतं आणि नाही असंही. खरं कळायचं तर बोऱ्या तिथून हटवून सकाळसारखी जागा करायची आणि पेटी पुन्हा मोजायची, दुसरा उपाय नव्हता.

सर बाहेर उभे राहून फोनवर कोणाला तरी माहिती देत होते. फोन संपेपर्यंत ती त्यांच्या मागं थांबली. मग तिनं सगळं सांगितलं. बोऱ्या आल्या तेव्हा आपण पाहत होतो, नोंद परत घ्यायला पाहिजे होती हे माहीत होतं आणि तरी आपण ती घेतली नाही, हेही सांगितलं.

सरांनी फोन खिशात टाकला.

"आणि बोऱ्या हटवूनही आकडे तेच आले तर?" त्यांनी विचारलं. "त्या पेटीपासून चार हातांवर माणसं उभी करून बोऱ्या उचलायला लावायच्या? कोणाच्या भरवशावर, रीना?"

त्यांना यश पाहिजे होतं हे खरं, पण प्रश्नही खोटा नव्हता. ती म्हणाली, "मी उचलते, सर. माझी चूक आहे."

साडेबाराला पथकाची गाडी आली. तिच्यातून हवालदार धर्मपाल वासनिक उतरला. पन्नाशीचा, जाड बांध्याचा माणूस. पेटी उचलून गाडीत ठेवायची ती त्यालाच. तो अंगावर जाड संरक्षक पोशाख चढवत असताना रीना त्याच्याजवळ गेली आणि सरांना सांगितलं तेच त्यालाही सांगितलं. तो ऐकत राहिला. मग त्यानं विचारलं की किती वेळ लागेल. बोऱ्या हटवायला जेवढा लागेल तेवढा आणि वर वीस मिनिटं, ती म्हणाली.

"उचलायची तं मलेच आहे," धर्मपाल म्हणाला. "आधी समजलं तं बरंच आहे ना मले."

इन्स्पेक्टर मात्र ऐकायला तयार नव्हते. त्यांनी हिंदीत स्वच्छ सांगितलं की आपला एकही शिपाई त्या पेटीजवळ जाणार नाही. तेव्हा पिंपळापुरे सर पुढं आले. चार वाजायला अजून वेळ आहे, खात्रीसाठी दुसरी मोजणी करणं शास्त्राला धरून आहे, असं ते म्हणाले. चुकीबद्दल ते काही बोलले नाहीत. तरी ते बोलले म्हणून परवानगी मिळाली, हे रीना नंतरही मान्य करत असे.

मागच्या खोलीची खिडकी उघडी होती. आतून मारोतीचा आवाज आला.

"माझे हात सोडा, साहेब. मी उचलतो बोऱ्या."

सगळे तिकडं वळले. त्याचा डावा गाल सुजला होता. तो म्हणाला की पेटी त्यानंच चांप्याला स्वतःच्या हातांनी टेम्पोत चढवली होती. त्याच्या बापानं जन्मभर कोसा विणला, घरात पेट्याच पेट्या असायच्या. कोशाची भरलेली पेटी उचलली की हाताला समजते.

"तू आत पाहिलं होतं काय?" धर्मपालनं विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग काय. हातानं पाहिलं."

इन्स्पेक्टर खिडकीशी गेले. मग शिपायाला म्हणाले, "खोल दो. उड़ेगा तो पहले यही उड़ेगा."

शिपाई, इन्स्पेक्टर, पथकाचा ड्रायव्हर, सर, सगळे दोनशे मीटर मागं, धानाच्या बांधापर्यंत गेले. शेडजवळ तिघं राहिले. रीना, मारोती आणि धर्मपाल. पोशाख घालून बोरी उचलता येईना, म्हणून धर्मपालनं तो काढून ठेवला आणि बनियानवर कामाला लागला.

बोऱ्या बावन्न होत्या. एकेक तीसेक किलोची. त्या दहा मीटर दूर, शेडच्या कोपऱ्यापलीकडं न्यायच्या होत्या. दोघं पुरुष खांद्यावर टाकून नेत. रीनाला उचलेना, ती दोन्ही हातांनी बोरीचे कोपरे धरून मागं मागं ओढत नेई. प्रत्येक फेरीला टेम्पोजवळून जावं लागे. पेटीचं कुलूप उन्हात चमकत होतं. तिकडं पाहायचं नाही असं ती ठरवी आणि प्रत्येक वेळी पाही.

आकडे तिला पाठ होते. त्या आकड्यांवरून ती शंभरातल्या साठ वेळा म्हणाली असती की बारूद नाही. उरलेल्या चाळिसांचा विचार तिच्या डोक्यातून जात नव्हता. मारोतीची चाल बघून तिला नवल वाटत होतं. तो धापा टाकत होता पण घाबरलेला दिसत नव्हता. आणि मग तिच्या मनात आलं, की त्या शेठनंच याला फसवलं असेल तर? कोशाच्या पेटीइतकं वजन करून दुसरंच काही भरून दिलं असेल तर? हा माणूस बिचारा हाताच्या भरवशावर इथं उभा आहे, आणि याला इथवर आणलं ते आपण. तिच्या हातून बोरी सुटली. मारोतीनं स्वतःची खाली ठेवली, तिची उचलली आणि घेऊन गेला.

पस्तीस मिनिटांत बोऱ्या हलल्या. तिच्या नखांखालून रक्त येत होतं. तिघं रेषेमागं गेले आणि तिनं यंत्र सुरू केलं.

ती वीस मिनिटं तिला सगळ्यात जड गेली. बोऱ्या ओढताना निदान हातापायांना काम होतं. आता फक्त पडद्यावरच्या रेघा हळूहळू चढताना पाहायच्या होत्या. पाच मिनिटांनी काहीच सांगता येत नव्हतं. दहा मिनिटांनी नायट्रोजन पुन्हा वर आला. ती उभी राहिली, बसली, उभी राहिली. मागं पावलं वाजली. पिंपळापुरे सर बांधावरून परत आले होते. ते तिच्या खुर्चीमागं उभे राहिले.

वीस मिनिटं झाली. नायट्रोजन होता तेवढाच. हायड्रोजन तेवढाच. ऑक्सिजन निम्म्याखाली उतरला होता. असा मेळ बारुदीच्या यादीत कुठंच नव्हता.

सरांनी चष्मा काढून पुसला. "प्रथिन आहे," ते म्हणाले. "लोकर, रेशीम, असलं काहीतरी. लिही तू. खाली सही दोघांची."

कागदावर दोघांच्या सह्या झाल्या. इन्स्पेक्टरांनी तो वाचला आणि म्हणाले की कागद ठीक आहे, पण कुलूप कोण तोडणार. धर्मपालनं पोशाख पुन्हा चढवला. रीना तिथंच थांबते म्हणाली, पण त्यानं ऐकलं नाही. इथलं काम त्याचं, तिचं संपलं, असं सांगून त्यानं तिलाही बांधावर पाठवलं.

बांधावरून फक्त टेम्पोचा मागचा भाग दिसत होता. धर्मपाल चढला. कुलूप कापल्याचा आवाज इथपर्यंत आला नाही. बराच वेळ काही झालं नाही. मारोती रीनापासून दोन हातांवर उकिडवा बसून धानाची एक काडी तोडत होता. मग धर्मपाल टेम्पोतून खाली उतरला, डोक्यावरचं शिरस्त्राण काढलं आणि हात वर केला.

पेटीत साड्या होत्या. कोशाच्या, मधाच्या रंगाच्या, दाबून दाबून भरलेल्या. शहानिशा करायला इन्स्पेक्टरांनी सगळ्या काढायला लावल्या. धर्मपालनं पोशाख उतरवला, हात बनियानला पुसले आणि एकेक घडी काढून फळीवर ठेवली. तळाशी कागद निघाला, त्यावर शेठचं नाव आणि मेळ्यातल्या दुकानाचा नंबर होता.

शेठजींचा फोन तीन वाजता लागला. मारोतीला साडेपाचला सोडलं. माफी कोणी मागितली नाही. त्यानं साड्या स्वतः पेटीत भरल्या, दोरीनं पेटी बांधली आणि टेम्पो घेऊन निघून गेला. रीना त्याच्याशी बोलायला पुढं झाली होती, पण इन्स्पेक्टर मधे उभे होते.

घरी आल्यावर तिनं वडिलांना सगळं सांगितलं. मीराबाई तिच्या नखांना हळद लावत होत्या. हरिदास नेहमीप्रमाणं मधे न बोलता ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, "गाडी लेट केली तं शिव्या भेटतात, बाई. शिव्यानं कोणी मरत नाही." आणि थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "त्या माणसाले सांगितलं काय कोणी, चूक कोणाची होती ते?"

तिनं नाही म्हटलं.

दोन दिवसांनी सरांनी वरिष्ठांना अहवाल पाठवला. त्यात लिहिलं होतं की तांत्रिक अडचणीमुळं पहिली मोजणी अनिश्चित आली आणि नंतर योग्य ती फेरतपासणी करण्यात आली. बोऱ्यांचा उल्लेख नव्हता. रीनानं तो वाचला. सर म्हणाले, आता कुठं काम रांगेला लागलंय. त्या आठवड्यात तिचं कशातच लक्ष लागलं नाही. घरात ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत राहायची. मीराबाईंनी विचारलं, "काहून फिरून राहिली अशी?"

रविवारी ती बसनं अभनपूरला गेली. नाक्याच्या वहीत मारोतीचा पत्ता होता. बाजारामागच्या गल्लीत घर सापडलं. दारात एक बाई सूप घेऊन बसली होती. ती मारोतीची बायको, सत्यभामा. रीनानं आपण कोण ते सांगितलं. सत्यभामानं सूप खाली ठेवलं. तिनं या म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही.

मारोती घरातच होता. टेम्पो त्याचा नव्हता, ट्रान्सपोर्टवाल्याचा होता, आणि त्यानं तो काढून घेतला होता. त्या दुपारी टीव्हीच्या एका वाहिनीवर मारोतीचा चेहरा दाखवला होता, संशयित म्हणून. तो सुटला हे कोणी दाखवलं नाही. बाजारात लोक त्याला पाहून बोलणं थांबवत होते.

रीनानं माफी मागितली. बोऱ्यांचं, नोंदीचं, खोळंबलेल्या गाड्यांचं सगळं सांगितलं. मारोतीला ते पहिल्यांदाच कळत होतं. आजवर तो समजत होता की यंत्रच बिघडलं होतं.

"म्हणजे तुमाले माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

सत्यभामा दारातून आत आली. "माफी तुमच्यापाशीच ठेवा, दीदी," ती म्हणाली. "आमाले काय करायची आहे ती? कागद द्या. याच्यावर काही नाही असा कागद ठाण्यात कोणी देऊन नाही राहिलं. चार चकरा झाल्या याच्या."

पोलिसांचा कागद रीनाच्या हातात नव्हता. तिनं पर्समधली डायरी काढली. ओसरीवर बसून तिनं हिंदीत लिहायला घेतलं, कारण ट्रान्सपोर्टवाला हिंदीच वाचत असे. आपलं नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, फोन नंबर लिहिला. त्या दिवशी मोजणीत झालेली चूक आपली होती, ती कशी झाली, पेटीत काय निघालं आणि या माणसाचा काहीही दोष नव्हता, असं लिहिलं. लिहिताना तिला कळत होतं की हा कागद सरांच्या अहवालाच्या विरुद्ध जातो आहे आणि तो कधीतरी सरांपर्यंत पोचेल. तरी तिनं तो सावकाश, अक्षर नीट काढून पुरा केला आणि वाचून दाखवला.

मारोतीनं तो हातात घेऊन स्वतः एकदा वाचला.

"बोऱ्या मी बी उचलल्या," तो म्हणाला. "तेही लिहा ना."

तिनं लिहिलं. बावन्न बोऱ्या होत्या, पेटी बंद होती, बाकीचे सगळे दूर गेले होते आणि मारोती हेडाऊ स्वतःहून पुढं आला. मग सही केली, तारीख घातली. सत्यभामानं कागद घडी न घालता घेतला आणि कपाटात, पत्र्याच्या डब्यावर पालथा ठेवला. रीना निघाली तेव्हा सत्यभामानं बस कुठून मिळते ते सांगितलं.

कागद पंधरा दिवसांत सरांपर्यंत पोचला. पहिल्या ट्रान्सपोर्टवाल्यानं मारोतीला परत घेतलं नाही, पण दुसऱ्या एकानं कागद वाचून खात्री करायला संस्थेत फोन केला होता. पिंपळापुरे सरांनी रीनाला खोलीत बोलावलं. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. ते म्हणाले, "मला आधी दाखवायचं होतंस." चाचणी थांबवण्यात आली. चौकशी झाली. रीनाला लेखी ताकीद मिळाली, सरांनाही मिळाली. तीन महिने यंत्र झाकून ठेवलेलं होतं आणि रीना संस्थेत बसून जुन्या मोजण्या तपासत होती. त्या तपासताना तिला आणखी दोन जागा सापडल्या, जिथं भोवतालची मांडणी बदलली होती आणि नोंद परत घेतली नव्हती. त्यातली एक सरांच्या हातची होती. तिनं ती त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी मान हलवली आणि नवीन अहवालात स्वतःच्या अक्षरात ती लिहिली.

फेब्रुवारीच्या शेवटी चाचणी पुन्हा सुरू झाली. दुसऱ्या कोणाला यंत्र चालवता येत नव्हतं, म्हणून रीनालाच पाठवलं. धर्मपाल तोवर बदली होऊन जगदलपूरकडं गेला होता.

मार्चमध्ये मारोतीचा टेम्पो नाक्यावर आला. नव्या मालकाचा होता. त्यानं गाडी यंत्रासमोर लावली, खाली उतरला आणि कोणी सांगायच्या आधी रेषेमागं जाऊन उभा राहिला. रीनानं त्याला पाहून मान लववली. त्यानं पाहिलं, पण ओळख दाखवली नाही.

"ढेप आहे," तो शिपायाला म्हणाला. "सरकीची. लिहून घ्या."

सरकीच्या ढेपेत, म्हणजे पेंडीत, रेशमासारखाच भरपूर नायट्रोजन असतो. रीनाला ते माहीत होतं. तिनं यंत्र सुरू केलं आणि आकडे येईपर्यंतची वीस मिनिटं ती बसली नाही.